गोधडीची शिवण कुठल्या बाजूला दाबायची? इस्त्रीचा निर्णय आणि त्याचा हिशोब



तुकडेजोड गोधडीच्या व्हिडिओत तुम्ही माझे हात बघितले. तुकडे जोडले, टीप मारली, इस्त्री फिरवली, पुढचा तुकडा घेतला. व्हिडिओत हात दिसतात, पण हाताच्या मागचा हिशोब दिसत नाही. म्हणून आज फक्त इस्त्रीवर बोलायचं आहे. त्यातही एकाच प्रश्नावर: दोन तुकडे जोडल्यावर मागे जी पाव इंचाची मार्जिन उरते, ती दोन्ही मिळून एका बाजूला दाबायची, की उघडून एक इकडे, एक तिकडे अशी दाबायची?

घरच्यासाठी एखादी गोधडी करणार असाल तर काहीही करा, चालून जाईल. पण ऑर्डर घेणार असाल, विशेषतः काम तीन-चार बायकांमध्ये वाटून देणार असाल, तर हा निर्णय कापड कापायच्या आधी घ्यावा लागतो. का, ते एका उदाहरणातून सांगते.

आमच्या एका बॅचमधल्या ताईंना बाळांच्या गोधड्यांची चांगली ऑर्डर मिळाली होती. एकच डिझाइन, २४ नग. त्यांनी काम चौघींना वाटलं. एकीने ओळी शिवायच्या, दुसरीने पण ओळी शिवायच्या, तिसरीने ओळी जोडायच्या, चौथीने धावदोरा घालायचा. मोजमाप सगळ्यांना एकच दिलं होतं, कापड एकत्रच कापलं होतं. तरी जोडायला बसल्यावर एकीच्या ओळी दुसरीच्या ओळींपेक्षा जवळजवळ अर्धा इंच लांब निघाल्या. चौकोनाचे कोपरे कोपऱ्यांना मिळेनात. शिवाय पांढऱ्या तुकड्यांखालून मरून कापडाच्या रेघा दिसत होत्या, कारण एकीने सगळ्या शिवणी डावीकडे दाबल्या होत्या आणि एकीने उघडून. दोघींचं शिवण चांगलं होतं. दोघींच्या पद्धतीही बरोबर होत्या. फक्त एका गोधडीत दोन पद्धती होत्या. उसवायला लागलेले दिवस कुठल्या बिलात लावणार?

आजीच्या वाकळीला हा प्रश्न का नव्हता

आपल्याकडच्या जुन्या वाकळीत, म्हणजे गोधडीत, जुनी लुगडी-धोतरं एकावर एक पसरायची, वर तुकडे मांडायचे, तुकड्याची कड आत दुमडायची आणि धावदोऱ्याने सगळे थर एकदमच शिवत जायचे. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी करतात ती पण साधारण अशीच, कडेपासून आत आत येत. या पद्धतीत तुकड्याला तुकडा वेगळा जोडायचाच नसतो, तो थेट खालच्या थरावर बसतो. त्यामुळे मागे मोकळी मार्जिन नाही, आणि ती कुठे दाबायची हा प्रश्नही नाही. कड बोटानेच दाबली की झालं.

आज आपण विकतो ती गोधडी वेगळी आहे. आधी मशीनवर वरचा पूर्ण पत्रा तयार होतो, मग त्याखाली भरण आणि अस्तर लागतं. ग्राहकाला सरळ रेषा, टोकदार त्रिकोण, फोटोसारखी डिझाइन हवी असते. म्हणजे आपण वाकळीचं मन आणि मशीनचं गणित असं दोन्ही एकत्र विकतोय. गणित आलं की इस्त्री आलीच.

आधी थर मोजूया

हा भाग कागद-पेन्सिल घेऊन वाचा. एकदा समजला की पुढचे सगळे निर्णय स्वतःचे स्वतः घेता येतील.

चार चौकोन जिथे एका बिंदूत मिळतात तो चौक बघा. प्रत्येक चौकोनाच्या त्या कोपऱ्यात पाव-पाव इंचाचे चार छोटे भाग असतात. एक समोरून दिसणारा, एक आडव्या शिवणीत मागे गेलेला, एक उभ्या शिवणीत मागे गेलेला, आणि अगदी टोकाचा एक, जो दोन्ही शिवणींत अडकलेला असतो. चार चौकोन, प्रत्येकी चार भाग, एकूण सोळा थर. तुम्ही इस्त्री कशीही करा, चौकाभोवती कापडाचे सोळाच थर राहणार. इस्त्री फक्त ते कुठे जातील एवढंच ठरवते.

वरच्या ओळीची आणि खालच्या ओळीची उभी शिवण दोन्ही डावीकडे दाबली, आणि मग आडवी शिवण खाली दाबली, तर सोळा थरांची वाटणी होते ९, ३, ३ आणि १. म्हणजे एका कोपऱ्यात नऊ थरांची गाठ आणि शेजारी एकच थर. हात फिरवला की खडा लागल्यासारखं वाटतं. सुई तिथेच अडते, टाका तिथेच सुटतो.

वरची ओळ डावीकडे आणि खालची उजवीकडे दाबली, तर वाटणी ७, ५, ३, १ अशी होते. नऊची गाठ सातवर आली. फार फरक नाही असं वाटेल, पण इथे आणखी एक मोठा फायदा आहे, तो खाली सांगते.

सगळ्या शिवणी उघडून दाबल्या तर चारही कोपऱ्यांत ४, ४, ४, ४. एकदम सपाट.

चौथा प्रकार म्हणजे भिंगरी. ओळी विरुद्ध दिशांना दाबून जोडायच्या, मग मागच्या बाजूला चौकाजवळ मार्जिनमधले दोन-तीन टाके अलगद उसवायचे, फक्त मार्जिनमधले, मुख्य टीप सोडायची नाही. मग मार्जिन गोल फिरवून दाबायची, पंख्याच्या पात्यांसारखी. मधोमध इवलासा चौकोन उघडतो. याचीही वाटणी ४, ४, ४, ४. दिसायला फार सुंदर, पण ते मागच्या बाजूला आणि अस्तराखाली झाकलं जाणार! त्यामुळे मी भिंगरी फक्त जिथे खरंच गरज असते तिथेच वापरते.

एका बाजूला दाबण्याचा खरा फायदा: खाच

वरची ओळ डावीकडे, खालची उजवीकडे दाबली असेल तर दोन ओळी सुलट बाजू आत करून एकमेकींवर ठेवताना काय होतं? दोन्हीच्या मार्जिनचे उंचवटे एकमेकांना येऊन टेकतात, डब्याचं झाकण बसावं तसे. बोटांनी चाचपलं तरी कळतं की आता कोपरा बसला. मशीनवाल्या बायका याला ‘नेस्टिंग’ म्हणतात, आमच्या वर्गात आम्ही ‘खाच बसली’ म्हणतो. टाचणी न लावताही चौक जुळतो. उघड्या शिवणीत ही खाच नसते. तिथे प्रत्येक चौकाला टाचणी आरपार घालून बघावं लागतं.

बाळाची गोधडी ३६ बाय ४५ इंचाची धरा. शिवून झाल्यावर साडेचार इंच राहणारे चौकोन, म्हणजे ५ इंचाचे कापलेले. आडवे ८, उभे १०, एकूण ८० चौकोन. यात चौक किती? ७ गुणिले ९, म्हणजे ६३. त्रेसष्ट ठिकाणी टाचणी लावून तपासणं आणि त्रेसष्ट ठिकाणी बोटाने खाच बसवणं, यात किती वेळेचा फरक पडेल ते तुम्हीच बघा.

एका बाजूला दाबण्याचा दुसरा फायदा मजबुतीचा. कोणी गोधडी ओढली तर शिवणीवर कापडाची घडी असते, ताण थोडा घडीवर जातो आणि दोरा झाकलेला राहतो. उघड्या शिवणीत दोन तुकड्यांमध्ये फक्त दोरा असतो. ताण आला की टाके दिसतात, आणि पॉलिस्टरचं भरण असेल तर त्याचे तंतू त्या फटीतून डोकं वर काढतात. मशीनचा टाका मजबूत असतो, त्यामुळे उघडी शिवण लगेच फाटेल असं अजिबात नाही. पण उघडी दाबणार असाल तर टाका बारीक करा. नेहमी अडीच मिलिमीटरचा टाका, म्हणजे इंचाला साधारण १० टाके ठेवत असाल तर तो दोन मिलिमीटरवर आणा, इंचाला १२-१३. आपल्या काळ्या मशीनच्या नॉबवर भरवसा ठेवू नका, चिंधीवर शिवा आणि पट्टी ठेवून टाके मोजा.

हाताने तुकडे जोडत असाल तर प्रश्नच नाही, एका बाजूलाच. हातच्या धावदोऱ्यात टाक्या-टाक्यात जागा सुटते, त्याला घडीचा आधार हवाच.

मग उघडी दाबायची कधी?

जाड कापड असेल तेव्हा. खादी, जीन्स, खण, हातमागाची जाड चादर. मलमलचे सात थर एकत्र आले तरी सुई जाते, जीन्सचे सात थर आले की सुईच तुटते. तिथे ४-४-४-४ हवंच.

एका बिंदूत चारपेक्षा जास्त तुकडे येत असतील तेव्हा. चांदणी किंवा चक्रीच्या डिझाइनमध्ये आठ त्रिकोणांची टोकं एका ठिकाणी येतात. एका बाजूला दाबलं तर मध्यभागी सुपारी ठेवल्यासारखा उंचवटा होतो. इथे शिवणी उघडा किंवा भिंगरी करा.

आणि डिझाइनची सगळी मजा टोकांच्या अचूकतेत असेल तेव्हा. भिंतीवर लावायचा पॅनल, उशीचा अभ्रा, टेबलरनर. या वस्तू रोज ओढल्या-धुतल्या जात नाहीत, त्या बघितल्या जातात. सपाटपणाला जास्त किंमत.

एक गोष्ट मात्र आधी ठरवा, ती म्हणजे वरून शिवणार कसं. बरेच जण तुकड्यांच्या शिवणीच्या खाचेतूनच मशीनची टीप मारतात, म्हणजे वरून दिसत नाही. तसं करणार असाल तर शिवणी एका बाजूलाच दाबा. उघड्या शिवणीत त्या खाचेत कापड नाहीच, नुसता दोरा आहे. तुमची नवी टीप जुन्या दोऱ्यावर आणि भरणावर पडेल, धरून ठेवायला खाली मार्जिन नसेल. शिवणीपासून पाव इंच बाजूने टीप मारणार असाल किंवा आडव्यातिडव्या रेषा असतील, तर दोन्ही चालतात.

आपला पारंपरिक धावदोरा, जवळजवळ समांतर रेषांचा, हवा असेल तर माझं मत स्पष्ट आहे. रोज वापरायची, मऊ सुती गोधडी: एका बाजूला दाबा, ओळी आलटून पालटून. दाट धावदोऱ्याने सगळी मार्जिन जागच्या जागी बसते आणि गोधडी वर्षानुवर्षं धुतली तरी शिवणी झाकलेल्या राहतात. फक्त धावदोऱ्याची रेषा आखताना ती सात थरांच्या बरोबर वरून जाणार नाही एवढं बघा, बोटभर सरकवली तरी पुरे. नाहीतर धावदोरा घालणाऱ्या मावशी तुम्हाला काय काय म्हणतील ते लिहीत नाही.

गडद रंगाकडे दाबा, पण...

‘नेहमी गडद कापडाकडे दाबायचं’ हा नियम तुम्ही ऐकला असेल. नियम बरोबर आहे. पांढऱ्या किंवा फिक्या कापडाखाली मरून, निळी, काळी मार्जिन गेली की वरून सावली दिसते. मलमल आणि पातळ कॅम्ब्रिकवर जास्तच दिसते. ग्राहक गोधडी हातात घेऊन खिडकीकडे धरतो, आणि ‘ताई, हा डाग आहे का?’ विचारतो.

पण हा नियम आणि खाचेचा नियम कधी कधी भांडतात. पांढरा-मरून-पांढरा-मरून असे चौकोन असतील तर भांडण नाही, कारण एका ओळीची सुरुवात पांढऱ्याने आणि पुढचीची मरूनने होते. सगळ्या शिवणी मरूनकडे दाबल्या की आपोआप ओळी विरुद्ध दिशांना जातात. बुद्धिबळाचा पट म्हणूनच नवशिक्यांना पहिला देते मी. भांडण होतं ते तिरकस किंवा सरमिसळ डिझाइनमध्ये. तिथे मी खाचेला आधी मान देते, आणि जिथे गडद मार्जिन फिक्याखाली जाते तिथे गडदची कड कात्रीने दोरा-दोन दोरे कमी करते, म्हणजे ती फिक्या मार्जिनच्या बाहेर डोकावत नाही. फिकी मार्जिन तिला झाकते. फार पातळ पांढरं असेल तर कापडच बदला, किंवा पांढऱ्याला खालून दुसरं पातळ पांढरं लावा. इस्त्रीने सगळे प्रश्न सुटत नाहीत.

अर्ध्या सुताची गोष्ट

सुतार आणि जुने शिंपी इंचाचे आठ सूत करतात. आपली पाव इंचाची मार्जिन म्हणजे दोन सूत. आता शिवण एका बाजूला दाबली की कापड दुमडताना घडीच्या वळणात एक-दोन दोरे खाल्ले जातात. उघड्या शिवणीत त्याहून कमी. म्हणून एका बाजूला दाबणाऱ्यांनी टीप पाव इंचापेक्षा दोराभर आत, म्हणजे किंचित कमी मार्जिनवर मारायची असते.

प्रत्येक शिवणीत नुसता अर्धा सूत चुकला तर? आपल्या गोधडीच्या एका ओळीत ७ शिवणी आहेत, म्हणजे साडेतीन सूत. जवळजवळ अर्धा इंच. उभ्या बाजूला ९ शिवणी, साडेचार सूत, अर्ध्या इंचाच्या वर. वर सांगितलेल्या ताईंच्या ऑर्डरमधला अर्धा इंच इथूनच आला होता.

तपासायला सोपी युक्ती. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, शेजारी शेजारी जोडा, ज्या पद्धतीने ऑर्डरमध्ये दाबणार त्याच पद्धतीने दाबा. एकूण रुंदी साडेतीन इंच आली पाहिजे आणि मधली पट्टी बरोबर एक इंच. कमी भरली तर सुई-पट्टीचं अंतर कमी करा, जास्त भरली तर वाढवा. मशीनला पाव इंचाचा पाय नसेल तर प्लेटवर चिकटपट्टीचे चार-पाच थर लावून भिंत करा. ज्या ज्या बाईला काम देणार तिच्याकडून, तिच्याच मशीनवर, तिच्याच इस्त्रीने ही पट्टी करून घ्या. कामाचा नमुना म्हणून पूर्ण ब्लॉक मागण्यापेक्षा ही तीन पट्ट्यांची परीक्षा जास्त खरी.

दाबणं म्हणजे घासणं नाही

इस्त्रीवाला शर्टावर इस्त्री फिरवतो. आपण इस्त्री ठेवतो, उचलतो, पुढे ठेवतो. घासली की कापड ताणतं. सरळ धाग्यावर थोडं चालून जातं, पण उरेब कड असेल, म्हणजे त्रिकोणाची तिरकी बाजू, तर ती पापडासारखी लाटली जाते आणि चौकोनाचा पतंग होतो.

क्रम असा. आधी शिवण जशी शिवली तशीच, न उघडता, वरून इस्त्री टेकवा. टाके कापडात बसतात आणि टिपेच्या सुरकुत्या जातात. मग ज्या कापडाकडे दाबायचं ते वर ठेवून, वरचा तुकडा बोटाने उलगडा आणि सुलट बाजूने इस्त्री टेकवा. मार्जिन आपोआप वरच्या तुकड्याखाली जाते. सुलट बाजूने दाबल्यामुळे शिवणीजवळ घडी राहत नाही. घडी राहिली तर तेवढं माप कमी झालं, पुन्हा तोच अर्धा सूत. उघडी दाबायची असेल तर उलट बाजूने आधी नखाने किंवा लाकडी चमच्याच्या पाठीने मार्जिन फाकवा, मग इस्त्रीचं टोक. बोटं सांभाळा, मार्जिन पाव इंचाचीच आहे.

तुकडा गार होईपर्यंत उचलू नका. गरम कापड उचललं की ते पुन्हा आकार बदलतं. वजनदार, पॉलिश न केलेला लाकडाचा ठोकळा सुती कापडात गुंडाळून दहा सेकंद वर ठेवला तर शिवण एकदम सपाट बसते. लाकूड वाफ आणि उष्णता शोषून घेतं, आणि यासाठी महागडं काही विकत घ्यायची गरज नाही. खाली पण मऊ गादी किंवा चार घड्यांचं ब्लँकेट नको, त्यात शिवण रुतते. फळीवर एक जाड सुती चादर पुरे.

वाफ सरळ धाग्याच्या तुकड्यांवर वापरा, उरेबवर टाळा. त्रिकोणांना कापायच्या आधीच खळ द्या. आणि चार इंचाचा दुरंगी चौकोन हवा असेल तर नेमकं माप कापत बसू नका. पाच इंचाचे दोन चौकोन घ्या, कर्णाच्या दोन्ही बाजूंना पाव पाव इंचावर टीप मारा, कर्णावर कापा, दाबा, आणि मग साडेचार इंचावर छाटा. इस्त्रीत जे काही ताणलं असेल ते छाटताना निघून जातं.

उष्णतेचं बघायचं तर इस्त्रीवरचे ठिपके लक्षात ठेवा: एक ठिपका ११० अंश सेल्सिअसपर्यंत, दोन १५० पर्यंत, तीन २०० पर्यंत. सुतीला तीन. रेशीम आणि पॉलिस्टरला दोन. साडीच्या काठात जर असेल तर वर मलमलचा तुकडा ठेवूनच. आणि नव्या मरून, गडद निळ्या, काळ्या कापडावर वाफ मारायच्या आधी ओलं पांढरं फडकं ठेवून एकदा दाबून बघा. फडक्याला रंग लागला तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावायचं नाही. ग्राहकाच्या पहिल्या धुण्यात कळण्यापेक्षा आपल्या फळीवर कळलेलं बरं.

लाइट गेली असेल तर? काम थांबवू नका. लाकडी चमचा किंवा छोटं लाटणं घेऊन शिवणी दाबत जा आणि लाइट आली की एकदम इस्त्री मारा. ओळी जोडायच्या आधी मात्र इस्त्री झालीच पाहिजे. आडव्या शिवणीखाली अडकलेली उभी शिवण नंतर नीट दाबता येत नाही.

वेळेचा हिशोब

बीबीए केलंय, तेव्हा हे लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. आपल्या ३६ बाय ४५ च्या गोधडीत ७० छोट्या शिवणी आहेत आणि ९ लांब. सगळ्या मिळून साधारण १७ मीटर.

समजा एका बाजूला दाबायला छोट्या शिवणीला ६ सेकंद आणि लांबला ४० सेकंद लागतात. ७ मिनिटं अधिक ६ मिनिटं, एकूण १३. उघडून दाबायला समजा १२ आणि ९० सेकंद. १४ मिनिटं अधिक साडेतेरा, एकूण साडेसत्तावीस. फरक साडेचौदा मिनिटांचा. एका नगाला काहीच नाही. वीस नगांना ते होतात २९० मिनिटं, जवळजवळ पाच तास. तासाची मजुरी ८० रुपये धरली तर ३८७ रुपये. टाचण्या लावायचा वेळ यात धरलेलाच नाही.

माझे सेकंद तुमचे नसतील. मोबाइल स्टँडवर लावा, दहा शिवणी दाबतानाचं शूटिंग करा, भागाकार करा. मग ग्राहकाने जीन्सची गोधडी मागितली तर तिचा दर मलमलच्या गोधडीपेक्षा जास्त का, हे तुम्हाला सांगता येईल. बरेच जण कापडाचा फरक लावतात आणि इस्त्रीचा विसरतात.

काम वाटून देताना

तोंडी सूचना देऊ नका. कागदावर गोधडीचा पट काढा, प्रत्येक ओळीवर बाण काढा. विषम ओळी उजवीकडे, सम ओळी डावीकडे. इथे एक गंमत होते: इस्त्री करताना ओळ उलटी केली की उजवी बाजू डावीकडे जाते, आणि शिकलेल्या बायकाही गोंधळतात. म्हणून ‘उजवीकडे’ लिहून भागत नाही. ओळीच्या पहिल्या चौकोनाला सेफ्टीपिन लावा आणि सूचना द्या: विषम ओळीत मार्जिन पिनेपासून लांब, सम ओळीत पिनेकडे. ओळ कशीही फिरवली तरी चूक होत नाही.

याहून सोपा मार्ग पण आहे, आणि सुरुवातीच्या ऑर्डरला मी तोच सुचवते. ब्लॉकला ब्लॉक थेट जोडायचाच नाही. मध्ये दोन इंचाच्या पट्ट्या घाला, आणि पट्ट्या मिळतात तिथे छोटा दोन इंची चौकोन. मग नियम एकच: सगळ्या शिवणी पट्टीकडे दाबायच्या. ब्लॉक आणि पट्टीची शिवण पट्टीकडे, छोटा चौकोन आणि पट्टीची शिवणसुद्धा पट्टीकडे. गंमत म्हणजे एवढ्याने ओळी आपोआप विरुद्ध दिशांना जातात आणि खाच बसते. कोणाच्या ब्लॉकच्या आत शिवणी कुठे दाबल्या आहेत याचा शेजारच्या ब्लॉकशी संबंधच राहत नाही. प्रत्येकीने आपला ब्लॉक साडेबारा इंचाचा छाटून द्यायचा, बस. कापड थोडं जास्त लागतं, शिवणीही वाढतात, पण चार घरांत बनलेले ब्लॉक एका गोधडीत नीट बसतात.

आणि घेताना गोधडीचा पत्रा उलटा करून बघा, अस्तर लावायच्या आधी. एखादी लांब शिवण मध्येच दिशा बदलते का, पीळ पडलाय का, हे पाठीवरून पाच मिनिटांत दिसतं. पीळ असेल तर तेवढीच जागा पुन्हा गरम करा, ठोकळा ठेवा. कडेच्या शेवटच्या शिवणी उघडू नयेत म्हणून पत्र्याच्या चारही बाजूंनी कडेपासून एक सूत आत एक टीप फिरवून घ्या. कड अजून उघडी असते आणि उचल-ठेव करताना तिथलेच टाके आधी सुटतात.

पुढच्या व्हिडिओत पत्रा, भरण आणि अस्तर एकत्र कच्चं कसं टाचायचं ते दाखवते. त्याच्या आधी तीन पट्ट्यांची परीक्षा करून ठेवा, दोन्ही पद्धतींनी, आणि दोन्ही नमुन्यांवर पेनाने मापं लिहून ठेवा. ते नमुने पुढच्या भागात लागणार आहेत.